अण्णांचा वडा

सर्वपित्री अमावास्येला कुमुदिनीने गेलेल्या सासऱ्यांच्या नावाचा वडा शिडाच्या बोटीच्या कठड्यावर ठेवला खरा, पण अख्ख्या कॅरिबियन समुद्रात कावळा काही दिसेना.

“अगं, सुट्टीवर आलोय आपण,” नवरा वैतागला. “अण्णा घेतील समजून.”

“तुमचे अण्णा? जन्मात कधी काही समजून घेतलंय त्यांनी?”

तेवढ्यात एक थोराड पेलिकन धपकन कठड्यावर उतरला. न चावताच वडा गिळून तो ताटलीतल्या दुसऱ्या वड्याकडे रोखून पाहू लागला.

“अण्णाच!” नवऱ्याने हात जोडले.

तिने मुकाट्याने दुसराही वाढला. तो गिळून पेलिकनने मान तिरकी केली आणि तिला नखशिखांत न्याहाळलं. ही नजर तिच्या चांगलीच ओळखीची होती.

आयुष्यात पहिल्यांदाच घातलेली हाफ पँट तिने घाईघाईने टॉवेलने झाकली.