बारावा चाकू

खट्.

दुपारची शांतता मोडली. गजेंद्रनं पहिला चाकू उघडून मिटला आणि पेटीतल्या मखमलीवर ठेवला. मग दुसरा. खट्. तिसरा. खट्. प्रत्येक जुन्या चाकूचा मिटतानाचा आवाज वेगळा असतो, असं तो सांगायचा. नूतनला सगळे सारखेच वाटायचे.

अकरा झाले. बाराव्याची जागा रिकामी होती.

"नूतन, पेटीला हात लावला का व तू?"

"पाच वर्षांत कोणाला हात लावू दिलाय तुम्ही?"

ती उंबऱ्यावर बसून साडीला टिकल्या लावत होती. तिनं हिरवा दोरा दातानं तोडला.

गेला होता तो नेमका काळ्या शिंगाच्या मुठीचा. बोटभर लांब, तीन पात्यांचा. जुन्या बाजारात गंजक्या कुलपांच्या ढिगात सापडलेला. पाती इतकी घट्ट की उघडायला दोन्ही अंगठे लागत. शहरातल्या चौकात जुन्या वस्तूंचं दुकान असलेले श्रीरंगशेठ त्याच्यासाठी वर्षभर मागे होते. तसलाच एक त्यांच्याकडे होता आणि त्यांना जोडी लावायची होती. शेवटी त्यांनी शब्द दिला, चाकू द्या आणि एक तारखेपासून माझ्या दुकानात बसा. म्हणजे कडोदऱ्याच्या कापड कारखान्यातली मागावरची रातपाळी कायमची बंद. आज शुक्रवार. तीन वाजता शेठ स्वतः डिंडोलीला घरी येणार होते.

"सोमवारी माझ्या हातानं तेल लावून ठेवला होता," गजेंद्र म्हणाला. "पाय फुटले का त्याला?"

"ओरडू नका. पोर झोपलीय."

'हे भंगार एकदाचं विकून टाका' असं पाच वर्षं म्हणणारी नूतनच पदर खोचून उठली. तिनं फडताळ रिकामं केलं. पिठाच्या डब्यात हात घातला. देवाच्या पाटाखालीसुद्धा पाहिलं.

"गादीखाली?" गजेंद्र खाटेकडे वळला.

"थांबा. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

तिनं चार वर्षांच्या चंचलला उशीसकट अलगद उचललं आणि मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. निळ्या खोळीची, एका कडेला हिरवे टाके घातलेली जुनीच उशी. गजेंद्रनं गादी उलटी केली, झटकली, तशीच टाकून दिली.

दोन महिने या पोरीनं झोपेचं खोबरं केलं होतं. रात्री दचकून उठायची आणि दाराकडे बघून "पप्पा, पप्पा" करत रडायची. शिरपूरहून नूतनच्या सासूबाई सरलाबाई फोनवर एकेक उपाय सांगत. मीठ-मोहरी उतरवून झाली. अंगारा झाला. उशाशी लोखंड ठेव म्हणाल्या, तेव्हा गजेंद्र खो खो हसला होता. "मागाचा पाना आणू का? पाच किलो आहे!" नूतननं गुपचूप कपाटाची किल्ली ठेवून पाहिली होती. पोर दचकायची ती दचकलीच.

तीनला शेठ आले. चहा घेतला, चष्मा पुसला, अकराही चाकू उलटसुलट पाहिले आणि पेटी पुढे सरकवली.

"यात मला काय रस, गजेंद्रभाई? बारावा दाखवा."

"सापडत नाहीये, शेठ. दोन दिवस द्या."

"वर्षभर दिलं की!" शेठ हसले, पण नुसते ओठांनी. "वांधा नाही. पण जागा तरी किती दिवस रिकामी ठेवू? उधन्याचा एक जण रोज फोन करतो. संध्याकाळी त्याला होय म्हणून टाकतो."

"शेठ, घरातच आहे कुठेतरी. आईची शपथ."

शेठनी खाटेकडे पाहिलं. नूतननं चंचलला परत तिथे निजवलं होतं. "चहाची भांडी वाजली, आपण एवढं बोललो, तरी पोर हलली नाही. छान झोप आहे हो."

"चार दिवस झाले," नूतन म्हणाली. "आता झोपते."

शेठ उठले. गजेंद्र पायात चपला अडकवत दारापाशी थांबला. त्याचे डोळे रातपाळीनं लाल होते.

"मी रात्री घरी असलो की पोर दचकणार नाही, तूच म्हणायचीस ना? घे. आता बस बोंबलत. आयुष्यभर मागावरची रातपाळीच."

नूतननं साडी मांडीवर ओढली. सुई कापडात न जाता बोटात गेली. तिनं बोट तोंडात धरलं.

"काही बोलशील की नाही?"

"शेठना खालपर्यंत सोडून या," ती म्हणाली. "बरं दिसत नाही."

जिन्यावर पावलं उतरत गेली. खाली गजेंद्रचा आवाज येत होता, अजून विनवणीचाच. शेठची स्कूटर एकदा खोकली, बंद पडली. नूतन खिडकीशी गेली. हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खाली शेठनी दुसऱ्यांदा किक मारली.

मागे खाट करकरली. चंचलनं एकच डोळा उघडला होता.

"मम्मी, गेले ते काका? आता उशीतला चाकू पप्पांना दाखवू?"