डोंगरावरून दिसलेली गच्ची

गुडघ्याच्या ऑपरेशनला पंधरा दिवस उरले होते आणि वत्सला भिलारे पहाटेच स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत उभ्या होत्या. थंड हवेच्या त्या गावात त्या एकतीस वर्षं लॉज चालवत होत्या. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांना मागच्या डोंगराची वाट सांगायच्या, पण सीझनच्या धबडग्यात स्वतः कधी वर गेल्या नव्हत्या. ऑपरेशनआधी एकदा तरी तो डोंगर चढायचा होता.

“आई, निघा आता. उन्हं चढली की दमाल,” पिवळ्या साडीचा पदर खोचत सून कावेरी म्हणाली. “चाळीस माणसांचे पोहे मी करते.”

वत्सलाबाईंनी दोन वर्षं तिला शेगडीजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि आज तीच हट्टाने त्यांना बाहेर काढत होती. लॉजवर उतरलेल्या दोन कॉलेजच्या मुलींबरोबर, दर वळणावर बसत, वाटेतली करवंदं तोंडात टाकत त्या दीड तासाने माथ्यावर पोचल्या.

खाली अख्खं गाव दिसत होतं. आपली गच्ची त्यांनी लगेच ओळखली. धुतलेल्या चादरी रुमालाएवढ्या दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक पिवळा ठिपका धावपळ करत होता. ही पोर किती राबते, ते तिच्या चुका काढण्याच्या नादात त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी फोन लावला.

“काय झालं, आई? पाय दुखतोय का?”

“नाही गं. तू दिसतेयस मला. जरा हात वर कर.”

पिवळ्या ठिपक्याने दोन्ही हात उंच केले. इकडे वत्सलाबाईंनीही केले, आणि डोळे भरून आले तरी हात कितीतरी वेळ खाली घेतले नाहीत.