हुंगणारं गिऱ्हाईक

त्याने कोथिंबिरीची आणखी एक जुडी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि मान हलवून परत ठेवली. भाजीवालीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेला आठवडाभर रोज हेच चाललं होतं. गिऱ्हाईक म्हटलं की ते दाबून बघतं, मोडून बघतं, भावावरून हुज्जत घालतं. हा बाबा त्यातलं काही करत नव्हता. नुसता हुंगायचा, तोंड पाडायचा आणि पुढे सरकायचा.

"समितीचा माणूस," शेजारचा लिंबूवाला पुटपुटला. "हल्ली साध्या कपड्यांत फिरतात."

तिने समोरच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. मागच्याच महिन्यात समोरच्या टोमॅटोवाल्याकडे सडका माल सापडला आणि बाजार समितीने त्याची जागा काढून घेतली. त्याच्या बापाच्या वेळची जागा, एका सकाळीत गेली. हिच्याकडे तर या चार हात ओट्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. घर त्याच्यावर, पोरीचं शिक्षणही त्याच्यावरच.

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून माल निवडायची. हंगामाचं असेल तेवढंच आणायचं, उरलं तर घरी शिजवायचं, पण ओट्यावर शिळं पान दिसू द्यायचं नाही. पोरगी पार वैतागली होती. "आई, आता नुसता भोपळा बघितला तरी मला ढेकर येतो," म्हणायची. आणि एवढं सगळं करून हा मेला मान हलवतो.

"काही घ्यायचंय का, साहेब?" तिने शेवटी विचारलं. आवाज जमेल तेवढा गोड ठेवला. "सगळं आज पहाटेचं आहे."

"दिसतंय ना," तो म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडे येतो."

हे बोलणं काही सरळ नव्हतं. तिने मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या.

तो खरबुजांच्या ढिगाकडे वळला. एक उचललं, देठाजवळ नाक नेलं आणि थबकला. पुन्हा हुंगलं.

"मावशी, हे नासलंय."

लिंबूवाल्याने तोंड फिरवलं. तिने खरबूज त्याच्या हातातून ओढून घेतलं. वरून चांगलं गोमटं होतं, पण देठाशी खरंच आंबूस वास येत होता. तिचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"साहेब, पाया पडते. ढिगात एखादं नजरेतून सुटतं. जागा नका काढू माझी. पोरगी शिकतेय अजून."

"कसली जागा?" त्याला काही कळेना. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "आंबूस वास येतोय ना? तुम्हालाही येतोय ना? मला वाटलं, मला भासच झाला."

तिने खरबूज पुन्हा हुंगून मान डोलावली.

"मी दवाखान्यात आचारी आहे," तो म्हणाला. "रोग्यांचं जेवण. तेल बेताचं, मीठ त्याहून बेताचं. ताज्या भाजीचा वास सुटला तरच घास उतरतो त्यांच्या घशाखाली. थंडीत मला ताप आला आणि नाकच गेलं. तेव्हापासून अंदाजाने रांधतो. ताटं तशीच्या तशी परत येतात. आज पहिल्यांदा कसला तरी वास आला बघा."

म्हणजे जागा शाबूत होती. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ढिगातलं सगळ्यात चांगलं, पिकून घमघमणारं खरबूज निवडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने ते दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हुंगलं.

"याचा नाही येत अजून," तो कसनुसं हसला.

"उद्या पहाटेच या, दादा," ती म्हणाली. "मालाच्या पाट्या उघडताना वास दांडगा असतो. आधी तुम्ही हुंगा, मग मी विकते."