वाढलेलं बोलू नये

"सांग बजाबाई, ही सोनाबाई पोटुशी आहे, हे तुला ठाऊक होतं?"

विचारणारे होते सरकारचे फॅक्टरी इन्स्पेक्टर. कचेरीत पंखा गरगरत होता, तरी बजाबाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. टेबलापलीकडे चन्नप्पा मास्तर, म्हणजे गिरणीच्या सूत गुंडाळायच्या रीळखात्याचे जणू मालकच, पान चघळत बसले होते. दाराच्या चौकटीला टेकून सोनाबाई उभी होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. खिडकीच्या गजांना खात्यातल्या बायांचे चेहरे चिकटले होते.

सकाळीच मास्तरांनी बजाबाईला एकटीला गाठून पढवलं होतं. "ठाऊक नव्हतं म्हणायचं. काम ढिलं पडलं म्हणून सोनाबाईला काढली, संपलं. नाईकीण राहायचंय ना तुला?"

बायांवर देखरेख करणारी नाईकीण व्हायला बजाबाईची अर्धी हयात गेली होती. पण दाराकडे पाहिलं की तिला सोनाबाई दिसतच नव्हती. दिसत होती स्वतःची तान्ही लेक. तेव्हा ना रजा होती, ना कायदा. ओली बाळंतीण कामावर आली नाही तर जागा गेलीच. रिळाखालच्या टोपलीत लेकीला ठेवायचं आणि रडू नये म्हणून अफूची गोळी चाटवायची. सगळ्याच चाटवत. एके दिवशी भोंगा झाला, बजाबाईनं टोपली उचलली, आणि लेक काही जागी झाली नाही.

आता बाळंतिणीचा कायदा झाला होता. तिला रजा होती, रजेतही रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळणार होता, जागाही राहणार होती. म्हणून गिरणीनं नवी हुशारी काढली होती. पोट दिसू लागलं की बाईच काढून टाकायची! ना बाई, ना बाळंतपण.

"बोल की गं," मास्तर गुरगुरले.

बजाबाईनं पदर सावरला. "व्हय सायेब. ठावं व्हतं. गिरणीच्या आवारात, लिंबाखाली, दुपारच्या सुट्टीत आमी हिचं डोहाळजेवण केलं. म्या ह्या हातांनी वटी भरली. दोन द्रोण झाकून ठिवले, त्यातनं पेढा निगाला. लई गलका केला बायांनी."

खिडकीत कुणीतरी हुंकार भरला. मास्तरांचं पान तोंडातच थांबलं. पण माणूस मुरलेला. क्षणात हसले.

"बघा साहेब, ह्या अशा आतल्या गाठीच्या! हिला ठाऊक होतं आणि हिनं कचेरीला कळवलं नाही. मला काय स्वप्न पडणार? बजाबाई, उद्यापासून तू नाईकीण नाहीस. गिरणीची पायरीसुद्धा चढायची नाही."

सोनाबाई कळवळली. "मावशे, माज्यापायी कशाला गं..."

"तू गप ऱ्हा. उबं ऱ्हाऊ नगंस, बैस तितं."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. माणूस भला दिसत होता, पण हात बांधलेले. "बाई, तुम्हाला ठाऊक होतं एवढ्यानं भागत नाही. काढणाऱ्याला ठाऊक होतं का, हा प्रश्न आहे. मास्तरांना ठाऊक असताना त्यांनी हिला काढलं असेल, तर ते काढणंच खोटं. रजाही हिची, रोजही हिचा, जागाही हिची. पण ते तर म्हणतात, कल्पनाच नव्हती."

"शपथेवर सांगतो," मास्तर म्हणाले, "ही बाई गरोदर आहे, हे आज ह्या दारात पाहिलं तेव्हा कळलं मला."

बजाबाईनं डोळे मिटले. तिच्या कानांत चिपळ्या वाजू लागल्या. दर एकादशीला ती देवळात कीर्तनाला पुढं जाऊन बसायची. बुवांचं एक सांगणं तिनं पदराच्या गाठीला बांधल्यासारखं जपलं होतं. माउल्यांनो, कुणाच्या मुखी घास घातलात तर तो पुन्हा उच्चारू नका. वाढलेलं बोललं की अन्नदानाचं पुण्य आटतं. आजवर तिनं कुणाला घातलेलं पाणीसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. आत्तासुद्धा तेवढी एकच गोष्ट तिनं ओठांत अडवून धरली होती.

पांडुरंगा, ती मनात म्हणाली, साऱ्या जन्मात जमलं ते एवढंसंच पुण्य. घे बाबा माघारी. त्या टोपलीतल्या लेकीच्या नावानं घे.

तिनं डोळे उघडले. आवाज असा लागला की खिडकीतल्या बायांनी गज घट्ट धरले.

"सायेब, वाढल्यालं बोलू न्हाय, पर आज बोलते. त्या दिशी आमचा गलका ऐकून मास्तर तरातरा दम द्यायला आलं. सनाच्या घडीला वाकडं नगं, म्हून म्याच दोनी द्रोण म्होरं केलं. ह्यांनीच आपल्या हातानं त्यातला येक उगाडला. पेढा ह्यांनीच खाल्ला. आन मिशी पुसून, सोनीच्या डोक्यावर हात ठिवून म्हनालं, 'पोरगाच हाय गं! चन्नप्पा नाव ठेव!'"