चाकामागचा दगड
सांतियागोच्या उताराच्या गल्लीत जुनी लाडा गाडी पुढून लाकडी ठोकळ्यांवर चढवून ओडालिस तिच्याखाली शिरली होती. गिअरबॉक्सचं काळंकुट्ट तेल परातीत गळत होतं. तेवढ्यात मागच्या चाकाला लावलेला दगड सरकल्याचा आवाज आला. जन्मभर टॅक्सी चालवलेल्या आणि आता सगळं विसरलेल्या तिच्या बाबांनी जुन्या सवयीनं तो उचलून डिकीत टाकला, मग ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. ठोकळे करकरले. “बाबा, हँडब्रेकला हात लावू नका!” “ओरडताय कशाला, बाई? माझी लेक आली की हँडब्रेक सोडतोच. शाळेला उशीर होतोय तिला.” लगेच त्यांनी हाक मारली, “ओडालिस! अगं ए ओडालिस!” वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी तिचं नाव आलं होतं. ओडालिसनं दात आवळले आणि ओ न देता ती इंचाइंचानं बाहेर सरकत राहिली.