मंगळावरची पहिली साक्ष

पृथ्वीवरून आणलेलं पालीचं दुसरं अंडं मुदत उलटून दहा दिवस झाले तरी फुटत नव्हतं, आणि घरातल्या सगळ्यांचा संशय दिगंबरवर होता. पहिलं त्यानेच घालवलं होतं. कोंबडीची अंडी रोज उलटसुलट करायची त्याची गुहागरची सवय; पालीचं अंडं उलटलं की आतलं पिल्लू मरतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून यामिनीने या अंड्यावर पेन्सिलीने ठिपका काढून ठेवला होता.

मंगळावरच्या या वसाहतीत आजवर एकाही भिंतीवर पाल चढली नव्हती. त्यामुळे शेजारीही टेबलावरच्या अंड्याच्या डब्याभोवती जमले होते.

"ठिपका वरच आहे, पण तू पुसून नवा काढला नसशील कशावरून?" यामिनी म्हणाली.

"अगं, शपथ! याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही!"

तेवढ्यात कवचाचा टवका उडाला. इवलंसं डोकं बाहेर आलं आणि चुकचुकलं.

सगळ्यांची बोटं आपोआप टेबलावर वाजली. "खरं आहे, खरं आहे!" यामिनीचा आवाज सर्वांत मोठा होता.

"असं का केलंत?" मंगळावरच जन्मलेल्या त्यांच्या लेकीने, ईशानीने विचारलं.

"पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं," दिगंबर ऐटीत म्हणाला.

ईशानी लगेच पिल्लापाशी वाकली. "उद्या शाळेला सुट्टी आहे," तिने ठणकावून सांगितलं, आणि बोट टेबलावर टेकवून वाट बघत बसली.