पाहुण्यांची आजी

शेतावरच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या लेकाने शनिवार-रविवारसाठी शहरातल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. स्वस्तात दोन दिवस मोकळी हवा आणि वर आजीच्या गोष्टी, अशी जाहिरातही केली. माझ्या आजीने सांगितलेल्या गोष्टी मला अजून तोंडपाठ आहेत. पाहुण्यांची पोरं अगदी चिकटून बसतात. आमची नात पुढे सरकली, की मीच तिला म्हणते, “तू घरचीच ना गं? त्यांना बसू दे. तुला उद्या सांगेन.” उद्या माझा घसा बसलेला असतो.

काल संध्याकाळी शेवटची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी जरा पाठ टेकली, तोच दारावर टकटक झाली.

“आता आणखी कोण कडमडलं?” म्हणत मी दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर नात उभी होती. पायात शाळेचे बूट, पाठीवर फुगलेलं दप्तर, केस पाणी लावून चापून बसवलेले.

“हे काय सोंग गं? आत ये.”

ती जागची हलली नाही.

“आम्ही शहरातून आलोय,” ती म्हणाली. “गोष्टी सांगणाऱ्या आजी तुम्हीच का?”